खंगलेल्या झाडाची शुश्रूषा
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान या विषयांस उपयुक्त)

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली म्हणजे शाळेच्या आवारात खड्डे घेऊन रोपे लावण्याचा कार्यक्रम होतो. १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव देशभर सुरू केला, तेव्हापासून हा परिपाठ रूढ झाला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली १ जुलैस २ कोटी रोपे लावण्याची मोहीम घेतली व पुढे हे लक्ष्य वाढत जाऊन २०१९ साली ३३ कोटींवर गेले. लावलेल्या रोपांची संख्या दप्तरी नोंदली जाते, आणि ती जावी हे योग्यच आहे. परंतु दिवाळीच्या सुमारास त्यांपैकी एखादे रोप मलूल दिसू लागते. पाने पिवळी पडतात, शेंडा वाळतो. मग कोणी त्यास बादलीभर पाणी अधिक घालतो, कोणी मूठभर युरिया टाकतो आणि पुढील जून महिन्यात त्याच खड्ड्यात दुसरे रोप उभे केले जाते. पहिले रोप कशाने गेले हे न कळल्यामुळे दुसरेही बहुधा त्याच वाटेने जाते.

ही साखळी तोडता येते. खंगलेले झाड पुष्कळदा वाचविता येते. मात्र उपचारापूर्वी त्याची परीक्षा झाली पाहिजे. ही परीक्षा कशी करावी, कोणते उपाय कोणत्या क्रमाने योजावेत आणि विद्यार्थ्यांना त्यात कसे सहभागी करून घ्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. यासाठी खुरपे, बादली, मोजपट्टी आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे.

१. झाड खरोखर आजारी आहे काय?

सर्वप्रथम हा प्रश्न विचारावा. आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या परिचयाचे झाड म्हणजे सीताफळ. बालाघाटाच्या डोंगरउतारांवर ते आपोआप वाढते. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून अंबाजोगाई येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. हे झाड हिवाळ्याच्या अखेरीस पाने गाळते आणि पाणी न मिळाल्यास उन्हाळाभर निष्पर्ण उभे राहते. ज्यास हे ठाऊक नाही त्याला ते वाळलेले वाटते. कडुनिंबाचीही पानगळ माघ-फाल्गुनात होते व चैत्राच्या सुमारास त्यास तांबूस पालवी फुटते. अशा झाडांस त्या दिवसांत औषधोपचार करणे म्हणजे निजलेल्या माणसास आजारी समजून काढा पाजणे होय.

शंका असल्यास नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे; तपकिरी व कोरडा दिसला तर तेवढा भाग मेलेला आहे. शेंड्यापासून आरंभ करून खाली खाली येत जावे. शेंडा मेला तरी बुंध्याशी हिरवा थर असेल तर आशा सोडण्याचे कारण नाही. ही कसोटी प्रत्येक विद्यार्थ्याने करून पाहिली पाहिजे, परंतु एका झाडावर तीनचार ठिकाणांहून अधिक खरवडू नये.

२. जमीन ओळखावी

बीड जिल्ह्याचा पाषाण बहुतेक सर्वत्र काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, हाच आहे. तथापि त्यापासून झालेली जमीन दोन अगदी भिन्न प्रकारची आढळते. गेवराई, माजलगाव, परळी या तालुक्यांतील गोदावरीकाठच्या गंगथडी भागात खोल काळी जमीन आहे. आष्टी, पाटोदा, धारूर या बाजूस डोंगरावर पातळ, मुरमाड, बरड जमीन अधिक. झाडाची दुखणी या दोन्ही ठिकाणी निरनिराळी असतात.

काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळली म्हणजे आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तिच्यातील बारीक छिद्रे पाण्याने भरून गेल्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात त्याच भेगांमुळे कोवळी मुळे तुटतात. मुळे हवेवाचून गुदमरली म्हणजे त्यांना पाणी शोषता येत नाही आणि चिखलात उभे असलेले झाड तहानेल्यासारखे कोमेजते. पाहणारा फसतो तो येथेच. तो आणखी पाणी घालतो आणि झाड अधिकच लवकर मरते.

मुरमाड जमिनीत याच्या उलट स्थिती असते. पाणी घातले की ते झिरपून निघून जाते, कडक मुरूम असेल तर मूळ खाली उतरू शकत नाही, आणि खड्डा लहान घेतला असेल तर झाड कुंडीत लावल्याप्रमाणे तेथेच अडकून पडते.

म्हणून पाणी घालण्यापूर्वी बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळा होऊन हाताला चिखल लागला तर पाणी जास्त झाले आहे. गोळा होतो, परंतु बोटाने दाबताच फुटतो, तर वाफसा आहे असे समजावे. पाण्याची गरज नाही. गोळाच होत नसेल तर झाड तहानेले आहे. वाफसा हा शब्द शेतकऱ्यांच्या मुलांना घरूनच ठाऊक असतो. पेरणीसाठी लागणारी तीच स्थिती झाडाच्या मुळांनाही मानवते, हे त्यांना स्वतःच्या हाताने पटवून द्यावे.

३. बुंध्याशी उकरून पाहावे

झाडाचे दुखणे पानांत दिसते, परंतु त्याचे मूळ बहुधा मातीच्या पातळीवर किंवा तिच्या खाली असते. यासाठी बुंध्याभोवतालची माती बोटांनी हलकेच बाजूस सारून पुढील गोष्टी तपासाव्यात.

(अ) रोप खोल लावले गेले आहे काय? खोड जेथे रुंदावून मुळांत शिरते तो भाग जमिनीच्या पृष्ठभागाशी असावा. तो वीतभर खाली पुरला गेला असेल तर तेथील साल सतत ओली राहून कुजते. कलमी आंब्याचा जोड तर मातीच्या चांगला वर असला पाहिजे.

(आ) पिशवी तशीच राहिली आहे काय? रोपवाटिकेतील काळी प्लास्टिकची पिशवी न काढता किंवा नुसती तळाशी फाडून रोप लावल्याचे आढळते. मुळे आतल्या आत गोल फिरत राहतात व पुढे जाड होऊन खोडालाच आवळतात.

(इ) तार अथवा सुतळी रुतली आहे काय? संरक्षक जाळीची तार किंवा आधाराच्या काठीला बांधलेली दोरी वर्षभरात सालीत रुतते. मुळांनी घेतलेले पाणी लाकडातून वर चढते, परंतु पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतील थरातून खाली उतरते. तारेने तो मार्ग अडविला की तारेच्या वरचा भाग फुगतो आणि खाली मुळांची उपासमार होते. झाड अनेक महिने हिरवे दिसते व पुढे अकस्मात वाळते. एवढे निदान झाले तर उपचार एका पक्कडीने होतो.

(ई) वाळवी लागली आहे काय? खोडावर मातीचे थर दिसल्यास ते झाडून काढावेत. वाळवी प्रथम बहुधा वाळलेल्या सालीवर व कच्च्या शेणावर येते. म्हणून अर्धवट कुजलेले शेणखत बुंध्याशी टाकू नये. उपद्रव फार असल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयाचा सल्ला घ्यावा. विद्यार्थ्यांच्या हाती विषारी औषध कदापि देऊ नये.

(उ) शेजारी काय आहे? शाळेची नवी खोली बांधून झाल्यावर चुना-सिमेंटचा राडा ज्या जागी पडला, तेथेच पुष्कळदा रोप लावले जाते. मुलांच्या हात धुण्याचे पाणी ज्या झाडाशी दररोज साचते ते झाड अतिपाण्याने खंगते, तर कुंपणालगतच्या झाडास आठवडाभर थेंबही मिळत नाही. शेळ्यांनी शेंडा खाल्ला असेल तर दोष जमिनीचा नसून कुंपणाचा आहे.

४. पाने काय सांगतात

रोगी झाडाची लक्षणे पाहण्याची विद्या आपल्या देशात जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय असून पाने पिवळी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे व रस स्रवणे ही रोगाची चिन्हे त्यात सांगितली आहेत. आज आपण त्यापुढे जाऊन पिवळेपणाचे प्रकार ओळखू शकतो.

खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव संभवते, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीस पुरविते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोहाची उणीव असावी; लोह असे एका पानातून दुसऱ्या पानात सहजासहजी जात नाही. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि जमीन सतत ओली राहिली तर हा दोष वाढतो. अशा ठिकाणी पाणी बेताने देणे व कुजलेले शेणखत वापरणे हाच पहिला उपाय होय. पानांच्या कडा करपल्या असतील तर तहान, उन्हाची झळ किंवा खारे पाणी यांचा विचार करावा.

५. उपचारांचा क्रम

पहिला उपचार म्हणजे अपाय दूर करणे. तार कापावी. पिशवी राहिली असल्यास झाड न उपटता ती दोन बाजूंनी चिरून तुकडे ओढून काढावेत. खोडाला वेढा घालणारे बारीक मूळ पावसाळ्याच्या आरंभी धारदार कात्रीने कापावे. बुंध्यावर चढलेली माती काढून खोडाचा रुंद भाग उघडा करावा. लहान रोप फारच खोल गेले असेल तर भर पावसाळ्यात, ढगाळ दिवशी, मुळाभोवतालच्या मातीच्या गड्ड्यासह ते उचलून योग्य पातळीवर बसवावे.

दुसरा उपचार पाण्याचा. खोडाला लागून पाणी ओतण्याची सवय मोडावी. पाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून दूर, फांद्यांच्या विस्ताराच्या कडेशी व त्याही पलीकडे पसरलेली असतात आणि त्यांतील बहुतेक जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात. यास्तव सुमारे १ मीटर व्यासाचे आळे करावे व झाड वाढेल तसे ते रुंद करीत जावे. एक-दोन वर्षांच्या झाडास उन्हाळ्यात खोल काळ्या जमिनीत आठ-दहा दिवसांनी १५ ते २० लिटर पाणी सावकाश द्यावे. मुरमाड जमिनीत चार-पाच दिवसांनी १० लिटर द्यावे. हे केवळ स्थूल प्रमाण आहे. अंतिम निर्णय मुठीतल्या मातीने करावा. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने वरची दोन बोटे माती भिजते व मुळे वरच घुटमळत राहतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीवरील आळे एका बाजूने फोडून पाण्यास वाट काढून द्यावी.

पाण्याची टंचाई आपल्या जिल्ह्यास नवी नाही. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा वर्षी मडक्याचा उपयोग होतो. न रंगविलेले, कच्च्या पाण्याने पाझरणारे मातीचे मडके झाडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व तोंडावर झाकण ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली असली की पाझर मंदावतो. ही युक्ती फार पुरातन असून दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही तिचे वर्णन आढळते.

तिसरा उपचार आच्छादनाचा. आळ्यात वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड पसरावे. त्यामुळे ओल टिकते, काळ्या जमिनीस भेगा कमी पडतात आणि कुजून खतही होते. मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी. शाळेचे आवार झाडून गोळा केलेला पाला जाळण्याऐवजी येथे टाकावा.

चौथा उपचार सावलीचा. चैत्र-वैशाखात नैऋत्य व पश्चिम बाजूस तुराट्यांचा आडोसा उभा करावा. आधाराची काठी आवश्यक असेल तरच लावावी व दोरी इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे सैल बांधावी. वाऱ्याने थोडे हलल्यानेच खोड बळकट होते.

६. काय करू नये

खंगलेल्या झाडास रासायनिक खत देऊ नये. मातीत क्षारांचे प्रमाण वाढले म्हणजे अशक्त मुळांना पाणी घेणे अधिकच कठीण जाते. खत द्यावयाचे ते नवी पालवी स्थिरावल्यावर व पावसाळ्याच्या आरंभी, पूर्ण कुजलेल्या शेणखताचे एक-दोन घमेली, आळ्याच्या कडेने द्यावे. हिरव्या फांद्या छाटू नयेत. पाने हीच झाडाची चूल आहे, ती विझवून मुळांना अन्न कोठून मिळणार? नखाच्या कसोटीने मेलेली ठरलेली फांदी तेवढी काढावी. धुण्याच्या सोड्याचे पाणी घालू नये. आणि सर्व उपाय एकाच दिवशी करू नयेत, कारण मग कशाने गुण आला हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

७. सुट्टी आणि स्थलांतर

शाळेच्या झाडास सर्वांत मोठा धोका रोगाचा नाही, खंड पडण्याचा आहे. मे महिन्यात ऊन कडक होते आणि त्याच वेळी शाळेस सुट्टी असते. जूनच्या मध्यापर्यंत झाडाकडे कोणी फिरकले नाही तर वर्षभराचे श्रम वाया जातात. याकरिता एप्रिल अखेरीस गावात राहणाऱ्या विद्यार्थ्यांची वारवार यादी करून ती शाळेच्या दारावर लावावी.

आपल्या जिल्ह्यात दुसराही एक खंड पडतो. दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गाव सोडतात व हंगाम संपल्यावर परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा नातलगांकडे राहतात, काही आईवडिलांबरोबर जातात. एका झाडाचे पालकत्व एकाच मुलाकडे दिले आणि तो मुलगा कोपीवर गेला, तर झाडही पोरके होते. म्हणून प्रत्येक झाड दोघांकडे सोपवावे: एक गावात राहणारा व एक हंगामास जाणारा. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी झाडाची उंची, बुंध्याचा घेर व पानांची स्थिती वहीत लिहून सही करावी. राहणाऱ्याने दर पंधरवड्यास नोंद चालू ठेवावी. जाणारा परत आला म्हणजे ती वही त्याच्या हाती द्यावी व आपण नसताना झाडाचे काय झाले ते त्यानेच वर्गास वाचून दाखवावे. आपली जागा वर्गात राखून ठेवलेली आहे, हे त्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

८. पाठाची आखणी

या विषयास चार तासिका द्याव्यात. पहिल्या तासिकेत आवारातील झाडांची पाहणी करून निरोगी व खंगलेले अशी एकाच जातीची दोन झाडे निवडावीत. दुसऱ्या तासिकेत नख, मूठ व बुंधा या तीन कसोट्या लावाव्यात. तिसऱ्या तासिकेत निदानाची चर्चा करून एकच उपाय निश्चित करावा व अमलात आणावा. चौथी तासिका एक महिन्यानंतर घ्यावी.

वहीत तारीख, मातीची ओल, दिलेले पाणी, शेंड्याची लांबी, नवी पाने व विशेष घटना असे सहा रकाने आखावेत. पुढील प्रश्न चर्चेसाठी घ्यावेत : चिखलात उभे असलेले झाड का कोमेजते? तार रुतल्यावर फुगवटा तिच्या वरच का येतो? एकच सीताफळ मुरमाड उतारावर का सुखाने वाढते व पाणथळ जागी का खंगते? उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी झाडापाशी शोधावे.

विद्यार्थ्यांनी घाई करू नये म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवावी. दुखावलेले झाड प्रथम मुळे सावरते व मगच वर वाढते. पहिल्या काही महिन्यांत शेंडा वाढला नाही, पण पाने टिकली, तर तेही यश समजावे. पूर्ण सुधारणा दिसण्यास एक-दोन पावसाळे लागतात.

९. झाड गेलेच तर

श्रावण संपेपर्यंत बुंध्याशी हिरवा थर किंवा फुटवा दिसला नाही तर झाड गेले असे मानण्यास हरकत नाही. कडुनिंब किंवा सीताफळ यांस बुंध्यातून फुटवे आले तर त्यांतील एक जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. कलमी झाडाच्या जोडाखालील फुटवा मात्र मूळ खुंटाचा असतो, तो ठेवू नये.

मेलेले रोप उपटून उकिरड्यावर टाकू नये. विद्यार्थ्यांसमक्ष ते मुळांसह खणून काढावे, मुळे धुऊन पाहावीत आणि ती काळी पडून कुजली आहेत, गोल वळली आहेत, की कोरडी राहिली आहेत, हे वहीत लिहावे. खड्ड्याचा दोष निघाला तर तो रुंद करावा, राडा असला तर माती बदलावी, पाणी साचत असेल तर जागाच बदलावी. त्यानंतरच तेथे दुसरे रोप लावावे. लावलेल्या रोपांच्या संख्येशेजारी जगलेल्या रोपांची संख्या आणि गेलेल्यांची कारणे ज्या शाळेच्या वहीत सापडतील, त्या शाळेत पुढील मृगास लावलेले रोप जगण्याची शक्यता निश्चितच अधिक राहील.